पानिपतची काबुली बाग मशीद : प्रचलित कथांची चिकित्सा

(१)

पानिपत हें नांव महाराष्ट्रांत केवळ गांवाचें नांव राहिलेलें नाहीं. एखाद्याचा सर्वस्वी नाश झाला म्हणजे 'त्याचें पानिपत झालें' असें आपण म्हणतों. त्या गांवीं जाणारा मराठी प्रवासी काळ्या आंब्याच्या स्थळीं क्षणभर उभा राहतो, पौष शुद्ध अष्टमीचें, म्हणजे १४ जानेवारी १७६१ चें, स्मरण करितो व परत फिरतो. हें स्वाभाविकच आहे. परंतु भाऊसाहेबांच्या सैन्याचा तळ ज्या गांवाशीं ऑक्टोबर १७६० च्या अखेरीपासून अडीच महिने पडून होता, त्या गांवीं त्या वेळींहि सव्वादोनशें वर्षांहून जुनी अशी एक मशीद उभी होती. आणि ती पडझड सोसून आजही उभी आहे. काबुली बाग मशीद ती हीच. तिच्याभोंवतालची बाग केव्हांच नाहींशी झाली व शहर वाढत वाढत तिला येऊन भिडलें आहे. पुराणवस्तुखात्यानें ती संरक्षित म्हणून जाहीर केली आहे.

या इमारतीचें महत्त्व दुहेरी आहे. बाबराच्या चार-साडेचार वर्षांच्या हिंदुस्थानांतील कारकीर्दीशीं ज्या तीन मशिदींचीं नांवें निगडित आहेत त्या पानिपत, संभल व अयोध्या येथील होत. पैकीं संभलची मशीद तेथील लेखानुसार मीर हिंदू बेग यानें व अयोध्येची मीर बाकी यानें, म्हणजे सरदारांनीं, बांधविली. अयोध्येची मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजीं पाडली गेली. खुद्द बादशहाच्या इच्छेनें व त्याच्या अभिरुचीप्रमाणें उठविलेली अशी इमारत पाहावयाची तर पानिपतासच गेलें पाहिजे. हें झालें एक. दुसरें असें कीं, तिच्यावर साल आहे. हिजरी ९३४ हें तें साल. मोंगल वास्तुविद्येच्या इतिहासांत पहिलें पाऊल कोणतें, या प्रश्नाचें उत्तर ज्या थोड्या दिनांकित साधनांवरून द्यावयाचें त्यांतील हें एक अग्रगण्य साधन होय.

असें असतां या मशिदीविषयीं जें जें लिहिलें व छापलें जातें त्यांत साधनें मागें पडून दोन कथाच पुढें आलेल्या दिसतात. पहिली कथा नांवाची. बाबराची काबुली बेगम नांवाची राणी होती व तिच्या स्मरणार्थ ही बाग व मशीद झाली, अशी ती आहे. दुसरी कथा चबुतऱ्याची. हुमायूनानें सलीमशहा सूर याचा पानिपताजवळ पराभव करून मशिदीस एक पक्का चबुतरा जोडला, त्यास 'चबुतरा फत्ते मुबारक' असें नांव दिलें आणि त्यावर हिजरी ९३४, म्हणजे इ. स. १५५७, हें साल कोरविलें, असें सांगतात. या दोन्ही कथा एका पुस्तकांतून दुसऱ्यांत, तेथून फलकांवर व फलकांवरून वाटाड्यांच्या मुखीं, अशा अखंड चालत आल्या आहेत. त्या कितपत टिकतात हें पाहणें व त्या बाजूस सारल्यावर इमारत स्वतः काय सांगते हें ऐकणें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(२)

प्रथम कालनिर्णय करून घेऊं. कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें राहावयाचें आहे.

पानिपतचें पहिलें युद्ध बाबराच्या रोजनिशीप्रमाणें शुक्रवारीं, ८ रजब ९३२ रोजीं झालें. आपल्या शालेय पुस्तकांतून या युद्धाची तारीख २१ एप्रिल १५२६ अशी छापलेली असते. परंतु त्या दिवशीं शनिवार पडतो. शुक्रवार धरावयाचा तर तारीख २० एप्रिलच धरली पाहिजे. एका दिवसाच्या फरकानें इतिहास बदलत नाहीं, हें खरें. तथापि मूळ लेखकानें वार दिलेला असतां तो न पाहतां तारीख उतरवून घेण्याची जी संवय, तीच पुढें एका दिवसाच्या जागीं तीस वर्षांचा घोटाळा करूं शकते. तो घोटाळा या मशिदीच्या बाबतींत झालेलाच आहे.

हिजरी ९३४ हें वर्ष २७ सप्टेंबर १५२७ रोजीं लागलें व १४ सप्टेंबर १५२८ रोजीं संपलें. म्हणजे इब्राहीम लोदी पडला त्या दिवसापासून मशिदीवरील सालाच्या आरंभापर्यंत सुमारें सतरा महिने लोटले होते. या सतरा महिन्यांत काय काय घडलें? बाबरानें दिल्ली व आग्रा घेतलें. उन्हाळ्याला व परक्या मुलुखाला कंटाळलेल्या आपल्या सरदारांना थोपवून धरिलें. आणि मार्च १५२७ मध्यें खानव्याच्या मैदानावर राणा संगाचा पराभव केला. त्या विजयानंतर त्यानें 'गाझी' हें बिरुद धारण केलें. मशिदीचें साल या सर्वांच्या नंतरचें आहे. सबब, ही मशीद म्हणजे इब्राहीमवरील जयानंतर रणांगणावर लगोलग उभारलेलें स्मारक, असें जें सांगतात तें जरा मुरड घालूनच घेतलें पाहिजे. स्थळ इब्राहीमवरील जयाचें खरें. पण काम सिद्धीस गेलें तें हिंदुस्थानांत राहावयाचें कीं काबुलास परतावयाचें या प्रश्नाचा निकाल लागल्यावर. लुटून परत जाणारा मनुष्य जिंकलेल्या मुलुखांत एवढें बांधकाम काढीत नाहीं. या दृष्टीनें ही मशीद जयाची खूण आहेच, पण त्याहूनही अधिक ती वास्तव्याच्या निश्चयाची खूण आहे.

बाबरनाम्याच्या उपलब्ध भागांत या बांधकामाची हकीकत नाहीं. परंतु एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढूं नये. हिजरी ९३४ मधील एप्रिल ते सप्टेंबर १५२८ या महिन्यांचीं पानेंच आज नाहींत. ज्या दप्तराचा नेमका तोच रुमाल हरवला आहे, त्याच्या मौनास पुरावा म्हणणें सशास्त्र नव्हे.

(३)

आतां नांवाची कथा घेऊं.

बाबराच्या स्त्रियांविषयीं आपणांस अंधारांत चांचपडावें लागत नाहीं. एक तर त्याची स्वतःची रोजनिशी आहे. आणि दुसरें, त्याची कन्या गुलबदन बेगम हिनें अकबराच्या आज्ञेवरून लिहिलेला हुमायूननामा आहे. या दोन ग्रंथांवरून आयेशा सुलतान बेगम, झैनब सुलतान बेगम, मासूमा सुलतान बेगम, माहम बेगम, गुलरुख बेगम, दिलदार बेगम व युसुफझाई घराण्यांतील बीबी मुबारिका यांचीं नांवें मिळतात. काबुली बेगम हें नांव त्यांत नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे व तो येथेंच नमूद करणें न्याय्य होईल. बीबी मुबारिका हिला गुलबदन 'अफगाणी आघाचा' या नांवानें ओळखते. तेव्हां मुलुखावरून किंवा जातीवरून स्त्रीला नांव पडण्याची रीत त्या अंतःपुरांत होती, व त्याच रीतीनें कोणा एकीस 'काबुली' म्हणत असतील, असें कोणी म्हणेल. रीत होती हें मान्य. परंतु रीत दाखविल्यानें व्यक्ति सिद्ध होत नाहीं. शिवाय काळाचीही अडचण आहे. पानिपतच्या युद्धाच्या वेळीं बाबराचा जनाना काबुलांत होता. त्याची पट्टराणी माहम बेगम आग्र्यास पोंचली ती १५२९ च्या मध्यावर; म्हणजे मशिदीवरील साल उलटून गेल्यानंतर. राण्या हिंदुस्थानांत येण्यापूर्वींच त्यांपैकीं एका अप्रसिद्ध राणीच्या नांवें बादशहानें आपल्या जयाच्या जागीं बाग व मशीद करविली, आणि बापाच्या घरांतील बारीकसारीक गोष्टी प्रेमानें सांगणाऱ्या मुलीस त्याची वार्ताही नव्हती, हें मानणें कठिण आहे.

मग 'काबुली' कां? याचें उत्तर, आमच्या मतें, बाबराच्याच लेखणींतून मिळतें. आग्र्यास यमुनेच्या पलीकडील तीरीं त्यानें व त्याच्या सरदारांनीं बागा, हौद व हमामखाने बांधविले. अशा आंखीव व प्रमाणबद्ध जागा त्या देशच्या लोकांनीं पूर्वी पाहिल्या नव्हत्या. म्हणून ते नदीच्या त्या बाजूसच काबुल म्हणूं लागले, असें बाबर सांगतो. या उल्लेखाचें महत्त्व थोर आहे. बाबराच्या बागांना काबुलचें नांव लोक देत होते, कोणा स्त्रीवरून नव्हे तर आंखणीवरून देत होते, आणि हें सर्व मशीद बांधली गेली त्याच सुमारास घडत होतें, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यांत आल्या आहेत. जें आग्र्यास झालें तेंच पानिपतास झालें असावें. पाण्याचे पाट, चौकोनी वाफे व समोरासमोर जुळणाऱ्या वाटा असलेली बाग दिसली कीं ती काबुलची तऱ्हा, म्हणून 'काबुली बाग', अशी ही साधी व्युत्पत्ति आहे. तींत राणी आणावी लागत नाहीं.

हा तर्क आहे हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्यास समकालीन लेखांतील तंतोतंत जुळणारा दाखला आहे. राणीच्या कथेस एकही नाहीं. दोहोंपैकीं एक निवडावयाचें झाल्यास कोणतें निवडावें हें वाचकांस सांगावयास नको. अशा कथा कशा जन्मतात हेंही महाराष्ट्रांत सांगावयास नको. नांवाचा अर्थ विसरला गेला कीं त्या नांवाची कोणी बाई किंवा बुवा उभा राहतो, हा अनुभव आपल्याकडील किल्ल्यांच्या व तळ्यांच्या नांवांविषयींही नित्य येतो.

(४)

चबुतऱ्याची कथा याहून अधिक विचारणीय आहे. कारण तींत राजाचें नांव, शत्रूचें नांव व साल अशा तिन्ही गोष्टी दिलेल्या आहेत, आणि त्या तिन्ही एकमेकींशीं भांडतात.

साल पाहा. हिजरी ९३४ म्हणजे इ. स. १५५७ हें समीकरण कोणत्याही जंत्रीनें जुळत नाहीं. ९३४ म्हणजे १५२७-२८. आणि १५५७ हवें असेल तर हिजरी ९६४ किंवा ९६५ पाहिजे.

शत्रु पाहा. सलीमशहा, म्हणजे शेरशहाचा पुत्र इस्लामशहा सूर. हा १५४५ मध्यें गादीवर आला व १५५४ पर्यंत होता. हुमायून १५४० मध्यें कनोजचा पराभव पावून देशोधडीस लागला तो १५५५ पर्यंत दिल्ली प्रांतीं परत आलाच नाहीं. मध्यंतरीं तो सिंधूपर्यंत आला असतां सलीमशहा पंजाबाकडे चालून गेला, पण हुमायून काबुलास फिरला व गांठ पडली नाहीं. सलीमशहा व हुमायून यांचें पानिपताजवळ युद्ध होणें म्हणूनच अशक्य आहे. १५५५ च्या जूनमध्यें हुमायूनच्या फौजेनें सूरांवर जो जय मिळविला तो सरहिंद येथें, आणि तो सलीमशहावर नव्हे तर सिकंदरशहा सूर याच्यावर.

आणि राजा पाहा. हुमायून जानेवारी १५५६ मध्यें दिल्लीच्या जुन्या किल्ल्यांत जिन्यावरून पडून वारला. १५५७ मध्यें तो चबुतरा बांधूं शकत नाहीं. बरें, साल ९३४ च खरें मानलें तर त्या वर्षीं हुमायून राजा नव्हता. खानव्याची लढाई आटोपल्यावर एप्रिल १५२७ मध्यें बाबरानें त्यास काबुल-बदकशानकडे रवाना केलें होतें व तो तिकडेच होता. थोडक्यांत, सांगतात त्या रूपांत ही कथा कोणत्याही बाजूनें उभी राहत नाहीं.

मग ती निघाली कोठून? येथें दोन पक्ष संभवतात.

पहिला पक्ष असा कीं ९३४ हें साल बरोबर आहे व १५५७ हा लिहिण्यांतील किंवा छापण्यांतील प्रमाद आहे. ९३४ चें बरोबर रूपांतर १५२७ असें होतें. १५२७ मधील २ च्या जागीं ५ पडला कीं १५५७ होतात. एकदां १५५७ झाले कीं बाबर मागें पडतो. कारण तो १५३० मध्येंच वारला होता. मग त्या सालाजवळचा मोंगल राजा म्हणून हुमायून व त्यास शत्रु म्हणून कोणी तरी सूर असा शोध सुरू होतो. या पक्षीं चबुतरा व मशीद एकाच वर्षाचीं ठरतात; दोन्ही बाबराचीं; आणि 'फत्ते मुबारक' ही फत्ते बाबराचीच.

दुसरा पक्ष असा कीं १५५७ हेंच जवळपास बरोबर आहे व चूक हिजरी सालांत आहे. पानिपतचें दुसरें युद्ध, ज्यांत हेमू पडला, तें गुरुवारीं ५ नोव्हेंबर १५५६ रोजीं झालें. त्या दिवशीं हिजरी सालाची २ मोहरम ९६४ होती. म्हणजे ९६४ हें वर्ष लागून अवघा दुसरा दिवस होता, व तें १५५७ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललें. ९६४ च्या मधल्या अंकांत ६ च्या जागीं ३ वाचला कीं ९३४ होतात. हेमू हा सूर घराण्यांतील आदिलशहाचा सेनापति. पानिपताजवळ सूरांच्या फौजेवर मोंगलांनीं मिळविलेला जय एवढीच आठवण गांवांत राहिली. पुढें मुलाच्या जागीं बाप व हेमूच्या जागीं सलीमशहा आला, असें मानल्यास कथेचा उगम नीट लागतो. या पक्षीं चबुतरा अकबराच्या पहिल्या वर्षांतला ठरेल.

दुसरा पक्ष मोहक आहे यांत शंका नाहीं. पानिपतच्या तीन युद्धांपैकीं दोहोंच्या खुणा एकाच अंगणांत सांपडल्या, असें म्हणावयास कोणास आवडणार नाहीं? तथापि आम्ही तो आज पतकरीत नाहीं. वाचलेलें साल बदलून आपली उपपत्ति जुळवून घेणें हा संशोधनांतील सर्वांत सोपा व सर्वांत घातक मार्ग आहे. ९३४ हें साल मशिदीच्या लेखाशीं जुळतें. त्यास अंतर्गत आधार आहे. ९६४ ला केवळ आमची कल्पकता आहे. म्हणून शिळेचा नवा ठसा घेऊन अक्षरन्‌अक्षर पडताळलें जाईपर्यंत पहिला पक्षच ग्राह्य धरावा. साल अंकांऐवजीं शब्दांत कोरलेलें आढळलें तर प्रश्न एका क्षणांत सुटेल. कारण फारसींत तीस व साठ या शब्दांत घोटाळा होण्यासारखें कांहीं नाहीं. निकाल कोणताही लागो, हुमायून व सलीमशहा यांना या अंगणांतून बाहेर पडावें लागणार एवढें निश्चित आहे.

(५)

कथा अशा रीतीनें बाजूस केल्यावर इमारत मोकळी दिसूं लागते, व मग ती बरेंच बोलते.

बांधणी मुख्यतः विटांची व गिलाव्याची असून दर्शनी भागांत व दरवाजास तांबडा वालुकाश्म वापरला आहे. पानिपतचा मुलुख गाळाचा, दगड जवळ नाहीं. तेव्हां यांत आश्चर्य नाहीं. बाबर आपल्या रोजनिशींत अभिमानानें लिहितो कीं, एकट्या आग्र्यांतील आपल्या कामांवर तेथलेच ६८० पाथरवट रोज राबत होते, आणि आग्रा, सिक्री, बयाना, धोलपूर, ग्वाल्हेर व कोळ या ठिकाणीं मिळून १४९१. या यादींत पानिपत नाहीं. पण ही यादी दगडकामाची आहे. पानिपतचें काम मुख्यत्वें गवंड्यांचें होतें, हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे त्यावरून कांहीं अडत नाहीं.

रचना अशी : मधोमध चौकोनी मोठें दालन, त्यावर घुमट. दालनाच्या पुढें उंच चौकटींत बसविलेली एक भव्य कमान. ती बाजूच्या छतांच्या वर बरीच चढलेली. दालनाच्या उजव्या व डाव्या अंगास प्रत्येकीं नऊ खण, प्रत्येक खणावर लहान घुमट. उत्तरेकडील प्रवेशद्वारीं मोठ्या कमानीच्या पोटांत घोड्यांवर टेकलेल्या तुळईची चौकट आहे. म्हणजे कमान व तुळई, दोन्ही पद्धति एकाच दारांत.

आतां ही रचना त्या वेळच्या दिल्लीकडील मशिदींशीं ताडून पाहा. लोदी काळांतील मशीद, उदाहरणार्थ १४९४ ची बडा गुंबद येथील मशीद, ही लांबट व एकाच खणाच्या खोलीची असते. समोर पांच कमानी. मधली इतरांहून थोडी मोठी. पानिपतास दालन खोल गेलें आहे, खण तीन-तीन ओळींनीं मांडले आहेत आणि मधली कमान इतरांची थोरली बहीण न राहतां त्यांची स्वामिनी झाली आहे. ही कल्पना दिल्लीची नव्हे. ती तैमूरी आहे. समरकंद व हिरात येथील आहे.

बाबर समरकंद कधींच विसरला नाहीं. तें शहर त्यानें तीनदां घेतलें व तीनदां गमावलें. तैमुरानें तेथें बांधविलेल्या मोठ्या मशिदीचें वर्णन करितांना तो दोन गोष्टी सांगतो. तिच्या दर्शनी कमानीवरील आयत इतक्या मोठ्या अक्षरांत आहे कीं ती जवळजवळ कोसभरावरून वाचतां येते, ही एक. आणि त्या कामावर हिंदुस्थानांतून नेलेले पुष्कळ पाथरवट खपले, ही दुसरी. दैवाची गति अशी कीं, ज्या देशाच्या कारागिरांनीं तैमुराची मशीद बांधण्यास हात लाविला, त्याच देशाच्या कारागिरांस सव्वाशें वर्षांनीं तैमुराचा वंशज समरकंदचा घाट आपल्या मातींत उतरवून दाखवा, असें सांगत होता.

तो घाट कितपत उतरला? याचें उत्तर मधल्या घुमटाखालीं मान वर करून पाहिलें म्हणजे मिळतें. चौकोनी खोलीवर वाटोळा घुमट बसवावयाचा तर चार कोपरे कसे भरावयाचे हा प्रश्न येतो. दिल्लीकडील गवंडी प्रत्येक कोपऱ्यांत एकेक लहान कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करीत. तैमूरी कारागीर एकमेकींस छेदणाऱ्या कमानींचें जाळें विणून भार खालीं उतरवीत. पानिपतास या जाळ्याचें रूप आहे. परंतु तें गिलाव्यांत काढलेलें आहे, भार तोलण्याचें काम त्याच्याकडे नाहीं. कॅथरिन ॲशर यांनीं १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मोंगल वास्तुकलेवरील ग्रंथांत, येथें तैमूरी आकांक्षा असून ती तैमूरी तंत्राशीं अपरिचित अशा स्थानिक कारागिरांकरवीं पार पाडलेली आहे, असा अभिप्राय दिला आहे. तो वस्तुस्थितीस धरून आहे.

आम्हांस त्यापुढें एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, याला केवळ उणीव म्हणून सोडून देऊं नये. गवंड्यास नवें रूप दाखविलें गेलें. तें त्यानें नाकारलें नाहीं, आणि आपल्या हातची विद्याही सोडली नाहीं. घुमट त्यानें आपल्या पद्धतीनें उभा केला व धन्याच्या मनांतील रूप त्यावर चढविलें. ज्या पद्धतीवर त्याचा विश्वास होता तिच्यावर इमारत उभी राहिली, म्हणूनच ती आज आपणांस पाहावयास मिळत आहे. इतिहासाच्या दृष्टीनें हें फार मोलाचें आहे. राज्य बदललें म्हणजे काय बदलतें व काय बदलत नाहीं, याचा दाखला बखरींत क्वचित् सांपडतो; येथें तो विटांत आहे. कल्पना काबुलाहून आली. हात पानिपत-दिल्लीकडचेच राहिले.

सौंदर्याच्या दृष्टीनें मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. ही इमारत थोर नव्हे. मधली कमान व बाजूचीं दालनें यांचा जीव एकमेकांत मिसळलेला नाहीं. एकाच्या शेजारीं दुसरें ठेवल्यासारखें वाटतें. लोदी मशिदींचा आटोपशीरपणा येथें गेला आहे व पुढील मोंगल इमारतींचा तोल अजून आलेला नाहीं. तो यावयास वेळ लागला. आग्र्याजवळ यमुनेपलीकडे काछपुरा येथें हुमायूनच्या राज्यारोहणाच्या सुमाराची, १५३० ची, जी पडकी मशीद आहे तींत हाच प्रयत्न लहान प्रमाणावर चाललेला दिसतो. आणि मधल्या घुमटदार दालनापुढें उंच कमान व दोन्ही अंगांस विस्तीर्ण दालनें ही मांडणी फत्तेपूर सिक्रीच्या जामी मशिदींत प्रगल्भ झालेली आढळते. सिक्री पानिपतावरून बेतली असें आमचें म्हणणें नाहीं. तेवढा पुरावा नाहीं. परंतु सिक्रीची सिद्धि नीट समजावयाची असेल तर पानिपतची धडपड आधीं पाहिली पाहिजे.

(६)

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. मशिदीचें साल हिजरी ९३४, म्हणजे इ. स. १५२७-२८, हें पक्कें. तें खानव्याच्या नंतरचें असल्यामुळें इमारतीचा अर्थ केवळ इब्राहीमवरील जयाशीं बांधून ठेवणें युक्त नाहीं. काबुली बेगमेस आधार नाहीं; बागेच्या आंखणीवरून नांव पडल्यास समकालीन दाखला आहे. चबुतऱ्याशीं हुमायून व सलीमशहा यांचा संबंध असूं शकत नाहीं. ९३४ व १५५७ हीं दोन सालें एकत्र छापणें यापुढें तरी बंद व्हावें. आणि चबुतऱ्याच्या लेखाचा नवा ठसा घेऊन तो प्रसिद्ध व्हावा, म्हणजे वर सांगितलेल्या दोन पक्षांचा निवाडा होईल.

शेवटीं आपल्या वाचकांस एक विनंति. १७६१ च्या पानिपताविषयीं आपल्याकडे किती कथा, किती आंकडे व किती उद्गार प्रमाणाशिवाय चालत आले होते, आणि ते कागदाशीं लावून पाहण्यास अनेक संशोधकांस किती श्रम पडले, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नवें नाहीं. आपल्या दुःखाच्या जागीं जी कसोटी आपण लाविली तीच दुसऱ्याच्या जयाच्या जागींही लाविली पाहिजे. मशीद कोणाची, फत्ते कोणाची, याचा त्याशीं संबंध नाहीं. यापुढें जे कोणी पानिपतास जातील त्यांनीं काळ्या आंब्यावरून परततां काबुली बागेंत घटकाभर थांबावें, फलकावरचें साल जंत्रीशीं ताडून पाहावें, आणि मग घुमटाखालीं उभें राहून मान वर करावी. तेथें अधिक कांहीं आढळल्यास तें कळवावें. आमचें म्हणणें चुकलें असल्यास तें मागें घेण्यास आम्हांस कमीपणा वाटणार नाहीं.